रंध्याचे दुसरे पाते

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या कार्यशाळेसाठी दोन नवे लोखंडी रंधे आले. खोके, तेलकट कागद, आत चकचकीत तळ, लाकडी मुठी, पितळी चाक. मुलांनी आणि आम्हीही कौतुकाने हात फिरवून पाहिले. मग एक रंधा सागवानाच्या तुकड्यावर ठेवला आणि ढकलला. वीतभर गेला आणि अडकला. पुन्हा जोर लावला तेव्हा लाकडाची ढलपी उचकटून वर आली आणि रंध्याच्या तोंडात चुरगळलेल्या सालींचा बोळा बसला. चार-पाच मुलांनी प्रयत्न करून पाहिला, सगळ्यांचे तेच. "सर, हा खराब निघाला," असा निकाल लागला आणि रंधा खोक्यात परत गेला.

त्याच आठवड्यात बाके दुरुस्त करायला गावातले मिस्त्री आले. सत्तरीचे गृहस्थ. त्यांच्या पिशवीत बाभळीच्या लाकडाचा, वापरून वापरून काळा पडलेला रंधा होता. आमचा तोच सागवानाचा तुकडा त्यांनी उलटसुलट करून पाहिला, पाच-सहा वेळा रंधा मारला, आणि आम्ही जिथे ढलपी काढून ठेवली होती तिथे बोट घसरावे असा गुळगुळीत पृष्ठभाग झाला. एक गोष्ट मात्र आम्हाला खटकली. चित्रांत नेहमी रंध्यातून कुरळ्या, गोल वळ्या पडताना दाखवतात. मिस्त्रींच्या रंध्यातून निघणारी साल फितीसारखी सरळ उभी वर येत होती.

आम्ही त्यांना नवा रंधा दाखवला. त्यांनी तो सुटा केला, पात्यावर स्क्रूने बसवलेली लोखंडी पट्टी उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाले, "गुरुजी, हा रंधा अजून झालेलाच नाही. नुसतं सामान आलंय." ही पट्टी धारेच्या अगदी जवळ आणून बसवावी लागेल, असे त्यांचे म्हणणे. का, असे विचारल्यावर उत्तर आले, "तशीच बसवायची असते. आमचे वडील तशीच बसवायचे."

एवढ्याने आमचे समाधान झाले नाही. म्हणून आम्ही पुस्तके धुंडाळायला लागलो, आणि लक्षात आले की ह्या पट्टीचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे. ती आली अडीचशे वर्षांपूर्वी. पुढची शंभरेक वर्षे तिचा उपयोग जाणत्या कारागिरांना ठाऊक होता. मग पुस्तके लिहिणारे तो विसरले. आणि तो पुन्हा सर्वांना कळला जपानमधल्या दोन प्राध्यापकांच्या एका छोट्या चित्रफितीमुळे.

पटाशीला घर

रंधा म्हणजे मुळात काय? ठोकळ्यात कोंडलेली पटाशी. नुसत्या पटाशीने लाकूड तासताना ती किती खोल जाईल हे हाताच्या कौशल्यावर अवलंबून असते. वाकसाचेही तसेच. पण पटाशी एका ठोकळ्यात तिरकी बसवली आणि तिची धार ठोकळ्याच्या तळातून केसभर बाहेर ठेवली, तर ती केसभरच कापते. खोलीवरचे नियंत्रण हाताकडून हत्याराकडे गेले. मानवी कसबाचा एक भाग असा वस्तूत उतरवून ठेवणे, ही हत्यारांच्या इतिहासातली फार मोठी पायरी आहे.

ही पायरी कोणी चढली ते सांगता येत नाही, पण रोमन लोकांजवळ रंधे होते हे नक्की. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात रंधे सापडले आहेत. इंग्लंडातील सिल्चेस्टर येथील रोमन वसाहतीच्या जागी सापडलेला चौथ्या शतकातील रंधा रेडिंगच्या संग्रहालयात आहे. त्याचा तळ लोखंडी आहे. तिरके पाते, ते आवळणारी पाचर, पाचर अडवणारी आडवी दांडी, हात घालायला खोबण: हे सगळे त्या काळात होते. आजच्या सुताराच्या हाती तो रंधा दिला तर काय कुठे आहे हे त्याला सांगावे लागणार नाही. आपल्याकडचा 'रंधा' हा शब्द मात्र फारसीतून आला. फारसीत 'रंदा' म्हणजे खरवडून गुळगुळीत करण्याचे हत्यार, आणि किसणीलाही तोच शब्द. किसणी आणि रंधा ही एकाच कुळातली भावंडे आहेत, हे स्वयंपाकघरात जाऊन मुलांना सहज दाखवता येईल.

ठोकळ्याचा आणखी एक उपयोग चटकन लक्षात येत नाही. फळीवर उंचसखल भाग असतील तर ठोकळा उंचवट्यांवर टेकतो आणि मधल्या खळग्यावर पूल होतो. पाते खळग्यापर्यंत पोचतच नाही, ते फक्त उंचवटे कापते. उंचवटे कमी होत होत खळग्याच्या पातळीला आले की मगच अखंड साल निघते, आणि त्या क्षणी फळी सपाट झालेली असते. ठोकळा जेवढा लांब तेवढा हा पूल लांब. म्हणून रंधे वेगवेगळ्या लांबीचे असतात: गुळगुळीत करायचा आखूड, फळीची कड सरळ करायचा लांबलचक. फूटपट्टीच्या एका तुकड्याने आणि वर्तमानपत्राच्या चुरगळलेल्या कागदाने हा पुलाचा मुद्दा वर्गात दाखवता येतो.

लंडनचा जोसेफ मॉक्सन हा नकाशे आणि पृथ्वीगोल बनवणारा, छपाई जाणणारा माणूस. त्याने १६७७ पासून हप्त्याहप्त्याने लोहारकाम, सुतारकाम वगैरे हस्तव्यवसायांवर एक पुस्तक छापायला सुरुवात केली. इंग्रजीत सुतारकामाच्या हत्यारांची आणि ती वापरण्याच्या रीतीची अशी सविस्तर माहिती देणारे हे पहिले पुस्तक मानतात. पुढे मॉक्सन रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. न्यूटन ज्या संस्थेचा सदस्य होता, तिथल्याच एकाला रंध्याचे पाते हातोडीने ठोकून कसे बसवावे हे लिहिण्यात कमीपणा वाटला नाही, हे आम्हाला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. मॉक्सनच्या पुस्तकातल्या रंध्यांना पाते एकच आहे.

उलट्या तंतूंचा प्रश्न

एका पात्याच्या रंध्याची अडचण कोणती? ती समजायला जाड पुस्तक घ्या. ते मिटवून टेबलावर ठेवा आणि पानांच्या कडा तिरक्या होतील असे सरकवा. आता कडांवरून बोट फिरवा. एका दिशेने पाने दबून बसतात. उलट दिशेने बोट पानांत शिरते आणि पाने उचलली जातात. मांजराच्या अंगावरून उलटा हात फिरवून पाहण्यापेक्षा हा प्रयोग बरा!

लाकडाचे तंतू फळीच्या पृष्ठभागाला क्वचितच अगदी समांतर असतात. पाते तंतूंच्या चढत्या दिशेने गेले तर काम सुरळीत होते. उलट दिशेने गेले की धार तंतूंच्या मधे शिरते. इथे खरा खोडकरपणा धार करत नाही, वर निघालेली साल करते. ती पात्याच्या उतारावर चढते तेव्हा तरफेसारखी काम करते. धारेच्या पुढे, अजून न कापलेले तंतू ती उपसते. चीर धारेच्या पुढे पळते आणि तंतूंच्या दिशेने लाकडात खोल जाते. शेवटी साल मोडते आणि मागे खड्डा राहतो. कुऱ्हाडीने लाकूड फोडताना हेच आपल्याला हवे असते, रंधा मारताना नको असते.

फळी फिरवून घेतली की झाले, असे कोणी म्हणेल. पण बऱ्याच लाकडांत एका थरातले तंतू एका बाजूला तर शेजारच्या थरातले दुसऱ्या बाजूला झुकलेले असतात. गाठीभोवती तर ते चहूकडे वळतात. अशा फळीला सुलट दिशाच नसते.

जुन्या कारागिरांकडे ह्यावर तीन उपाय होते. एक, साल अतिशय पातळ काढायची. पातळ सालीत तरफ व्हायचा ताठपणा नसतो. दोन, रंध्याचे तोंड, म्हणजे धारेपुढची फट, अगदी अरुंद ठेवायची. तोंडाची कड लाकूड दाबून धरते आणि साल लवकर मोडते. पण लाकडी रंध्याचा तळ झिजतो, तसे तोंड रुंदावत जाते. तीन, पाते जास्त उभे बसवायचे. नेहमीचा कोन ४५ अंशांचा. कठीण लाकडासाठी इंग्लंडात ५०, ५५, अगदी ६० अंशांचेही रंधे बनत. उभे पाते सालीला एकदम वाकवून मोडते, तरफ होऊच देत नाही. पण ढकलायला जोर फार लागतो आणि धार लवकर जाते. शिवाय मऊ लाकडावर असा रंधा चांगला चालत नाही, म्हणजे दोन रंधे बाळगणे आले.

१७६७ ची जाहिरात

मग कोणाच्या तरी डोक्यात आले की पाते तिरकेच ठेवावे, पण त्याच्या पाठीवर, धारेच्या अगदी लगत, दुसरी एक लोखंडी पट्टी बसवावी. धार ४५ अंशांनी सहज कापेल, आणि कापलेली साल केसभर वर सरकते न सरकते तोच पट्टीच्या उभ्या कडेवर आपटून पुढे ढकलली जाईल. तरफ बनायला तिला जागाच मिळणार नाही. उभ्या पात्याचा फायदा, तिरक्या पात्याच्या कष्टांत!

हे 'कोणाच्या तरी' म्हणजे कोणाच्या, ह्याची नोंद नाही. तारीख मात्र अंदाजे सांगता येते, आणि तीही एका जाहिरातीमुळे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात सॅम्युएल करुथर्स नावाचा रंधे बनवणारा होता. १७६७ मध्ये त्याने दुहेरी पात्याचे रंधे विकायला असल्याची जाहिरात दिली, आणि वेड्यावाकड्या तंतूंच्या लाकडासाठी ते उभ्या पात्याच्या रंध्यांपेक्षा फार सरस आहेत असा दावा केला. ह्या जाहिरातीत दुसऱ्या पात्याचे काम स्पष्ट सांगितलेले आहे हे लक्षात ठेवा. पुढे त्याचाच विसर पडणार आहे.

दुहेरी पात्याचा रंधा महाग पडे. एकेरी पात्याचे स्वस्त रंधे मिळत असतानाही पुढच्या पन्नासेक वर्षांत इंग्लंड-अमेरिकेतील सुतारांनी आपल्या रोजच्या कामाच्या रंध्यांत दुहेरी पातेच पसंत केले. हातावर पोट असलेला माणूस उगीच जास्त पैसे मोजत नाही, तेव्हा ही पसंती आम्हाला कोणत्याही पुस्तकापेक्षा मोठा पुरावा वाटते. पुस्तकेही होती. पीटर निकल्सनने १८१२ मध्ये आणि चार्ल्स होल्टझाफेलने १८४६ मध्ये ही पट्टी काय करते आणि ती धारेपासून किती जवळ ठेवावी ह्याची चर्चा केली आहे. म्हणजे ज्ञान हातात होते तसे कागदावरही होते.

बेलीचा लोखंडी रंधा

आपल्या शाळेत आलेल्या लोखंडी रंध्याचा जनक लिओनार्ड बेली. हा अमेरिकन कारागीर बॉस्टन शहरात रंधे बनवत असे. लाकडी रंध्यात पाते पाचरीने आवळतात आणि हातोडीच्या हलक्या ठोक्यांनी पुढेमागे करतात. हे ठोके देणे ही एक कला आहे. नवशिक्याच्या हातून पाते हमखास जास्त पुढे येते. बेलीने १८५८ पासून घेतलेल्या पेटंटांमधून, विशेषतः १८६७ च्या सुमारास, ही कला एका पितळी चाकात उतरवली. चाक फिरवले की एक तरफ पाते पुढे किंवा मागे सरकवते. पाचरीऐवजी झटक्यात आवळली जाणारी लोखंडी टोपी आली. पाते ज्या उतरत्या बैठकीवर टेकते ती सुटी केली, म्हणजे तोंड लहानमोठे करता येते. ह्या बैठकीला इंग्रजीत 'फ्रॉग' म्हणजे बेडूक म्हणतात. दबा धरून बसलेल्या बेडकासारखी ती दिसते खरी.

१८६९ मध्ये न्यू ब्रिटन येथील स्टॅनले कंपनीने बेलीचे हक्क विकत घेतले आणि बेली तिथे कामाला गेला. काही वर्षांतच दोघांचे बिनसले, बेलीने वेगळा धंदा काढला, कोर्टकचेऱ्या झाल्या. त्या भांडणात शिरायचे कारण नाही. रचना मात्र टिकली, आणि पेटंटांची मुदत संपल्यावर जगभर तिच्या नकला निघाल्या. भारतात बनणारे लोखंडी रंधेही ह्याच घराण्यातले. स्टॅनलेने दिलेले क्रमांकही अजून चालतात: ४ नंबर म्हणजे ९ इंची, ५ नंबर १४ इंची, ७ नंबर २२ इंची.

बेलीच्या रंध्यात एक बदल असा झाला की त्यातून पुढचा गोंधळ उद्भवला असावा, असे आम्हाला वाटते. लाकडी रंध्याची पाती जाडजूड असत. बेलीने जेमतेम २ मिलिमीटर जाडीचे पाते वापरले, कारण पातळ पात्याला धार लावायला वेळ कमी लागतो. पातळ पाते थरथरू नये म्हणून त्यावरची पट्टी मधे फुगीर केलेली होती. ती आवळली की स्प्रिंगसारखी पात्याच्या टोकावर दाब देते. आता पट्टीची कामे दोन झाली: साल मोडणे आणि पाते दाबून धरणे. ह्यातले दुसरे काम पट्टी कुठेही बसवली तरी थोडेफार होतेच. पहिले काम ती अगदी जवळ बसवली तरच होते.

विसर

त्याच शतकात यंत्रे आली. विल्यम वुडवर्थने १८२८ मध्ये अमेरिकेत फळ्या रंधण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि पुढच्या काळात कारखान्यातून सपाट झालेली फळीच सुताराकडे येऊ लागली. १९५८ मध्ये जपानच्या माकिता कंपनीने हातात धरायचा विजेचा रंधा बाजारात आणला. पॉलिशपेपर स्वस्त झाला. उलट्या तंतूंचे लाकूड हातरंध्याने गुळगुळीत करायची गरज उरली नाही, आणि ज्याची गरज नाही ते शिकवायला कोण बसणार? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य देशांत हौशी सुतारांची मोठी पिढी तयार झाली. त्यांना शिकवायला उस्ताद नव्हते, पुस्तके होती. त्या पुस्तकांपैकी अनेकांत पट्टी धारेपासून दीड मिलिमीटर मागे ठेवा असा सल्ला आढळतो. ती साल गोल वळवते, पाते थरथरू देत नाही, एवढेच तिचे काम सांगितलेले असते. काहींनी तर ती निरुपयोगी ठरवली. मग उलट्या तंतूंसाठी काय? पुन्हा उभ्या पात्याचे, अरुंद तोंडाचे, जाड पात्याचे महागडे रंधे. १७६७ च्या आधीचे उपाय फिरून आले.

सगळेच विसरले असे नाही. काही कारागिरांच्या हातात ती सवय होती. आमच्या मिस्त्रींच्या वडिलांच्या हातात होती. पण हात लिहीत नाहीत, आणि लिहिणारे त्यांना विचारायला गेले नाहीत.

यामागाता विद्यापीठातली चित्रफीत

जपानमध्ये एक वेगळ्या प्रकारचे रंधायंत्र वापरात होते. त्यात फिरणारी पाती नसतात. रंध्यासारखे एक रुंद पाते स्थिर बसवलेले असते आणि फळी पट्ट्याने त्यावरून ओढली जाते. त्यातही उलट्या तंतूंचा प्रश्न येई. ह्या यंत्राच्या पात्यावरची पट्टी नेमकी कशी असावी ह्याचा अभ्यास यामागाता विद्यापीठातील प्राध्यापक काटो आणि कावाई यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत केला. त्यांनी धारेवर बाजूने भिंगाचा कॅमेरा रोखला आणि साल निघतानाचे चित्रीकरण केले. पट्टी नाही, पट्टी ०.३ मि.मी. मागे, ०.२, ०.१, असे बदल करत. पट्टीच्या पुढच्या कडेचा कोनही बदलत.

चित्रफीत पाहताना पुस्तकातल्या पानांपेक्षा शंभरपट जास्त समजते. पट्टी नसताना चीर धारेच्या पुढे पळताना दिसते आणि मागे खड्डे राहतात. पट्टी ०.३ मि.मी. वर असली तरी फरक फारसा नाही. ०.२ आणि ०.१ वर, आणि पट्टीची कड ८० अंशांच्या आसपास उभी केलेली असताना, चीर पळायची थांबते. साल कडेवर आपटून दुमडते, पुढे दाबली जाते आणि लाकूड धारेजवळच कापले जाते. पट्टी फार जवळ आणली तर मात्र फळी ओढायला लागणारा जोर वाढतो. म्हणजे दीड मिलिमीटर हे अंतर चुकीचे किती, तर जवळजवळ आठ ते पंधरा पट!

हा अभ्यास यंत्रांसाठी होता, आणि बराच काळ जपानबाहेर त्याचा फारसा बोभाटा झाला नाही. २०१२ च्या सुमारास चित्रफीत आणि लेखांची भाषांतरे इंग्रजी वाचणाऱ्या सुतारांपर्यंत पोचली. लोकांनी आपापल्या साध्या, पातळ पात्याच्या बेली रंध्यांवर करून पाहिले आणि ते जमले. अठराव्या शतकातल्या जाहिरातीतला दावा अक्षरशः खरा होता.

नवा रंधा तयार करताना

आता आमच्या खोक्यातल्या रंध्याकडे परत येऊ. शाळेसाठी एकच रंधा घ्यायचा असेल तर आम्ही १४ इंची ५ नंबर सुचवू. लहान मुलांच्या हाताला ९ इंची ४ नंबर हलका पडतो, हेही खरे. घेताना पितळी चाक किंवा मुठींचा चकचकाट पाहू नका. तळावर पोलादी पट्टी उभी धरून उजेडाकडे पाहा: पुढचे टोक, तोंडाची कड आणि मागचे टोक ह्या तीन जागा एका रेषेत हव्यात. मधल्या भागात थोडा खळगा असला तर बिघडत नाही, तोंडापाशी खळगा असलेला रंधा मात्र परत करावा. मग पाते काढून बेडूक बैठकीवर डुगडुगतो का ते पाहावे.

ह्या सगळ्यातून पार पडलेला रंधाही लगेच चालेल अशी अपेक्षा नको. पूर्वीही नवा रंधा धार लावूनच वापरावा लागे. जपानी लाकडी रंध्यात तर पाते ठोकळ्यात बसवून घेणे हे आजही घेणाऱ्याचेच काम समजतात. तेव्हा आमच्या मुलांचा 'खराब निघाला' हा निकाल थोडा घाईचा होता, आणि तो आम्ही मान्य केला ही चूक आमची.

मिस्त्रींनी आमच्याकडून करून घेतले ते असे. जाड काचेवर पाण्याचा पॉलिशपेपर पसरला, रंध्याच्या तळावर स्केचपेनने आडव्या रेघा मारल्या आणि तळ त्यावर घासला. पाते आत ओढलेले, पण टोपी आवळलेली होती, कारण आवळल्यावर सांगाडा किंचित वाकतो आणि रंधा वापरताना तो आवळलेलाच असणार. रेघा कुठे पुसल्या आणि कुठे राहिल्या ह्यावरून उंचसखलपणा कळतो. तीन मुख्य जागांवरच्या रेघा गेल्या की थांबायचे, आरसा करत बसायचे नाही. मग पाते. त्याची सपाट बाजू टोकाजवळ बोटभर तरी अगदी सपाट आणि चकचकीत हवी, कारण धार म्हणजे दोन पृष्ठभागांचे मिलन; एक खडबडीत असेल तर दुसरा कितीही घासा. उताराचा कोन २५ ते ३० अंश. हे काम मुलांसमोर करावे, पण धारदार पाते शिक्षकाच्याच हाती असावे.

सर्वांत जास्त वेळ गेला तो पट्टीवर. आमच्या रंध्यात ती पात्याला फक्त दोन टोकांना टेकत होती, मधे उजेड दिसत होता. साल त्या फटीत शिरायची, तिच्यामागून दुसरी, आणि बोळा व्हायचा. त्या दिवशीच्या अडकण्याचे कारण हेच. पट्टीची खालची कड दगडावर घासून ती पात्याला सलग टेकेल अशी केली. पुढची कडही टोकाशी जरा जास्त उभी करून गुळगुळीत केली. शेवटी पट्टी धारेजवळ आणून स्क्रू आवळला. ह्यात एक काळजी घ्यावी लागते: पट्टी इतकी पुढे घेतल्यावर तोंड फार अरुंद ठेवू नये. साल दोन्हीकडून कोंडली तर रंधा पुन्हा चोंदतो. बेडूक थोडा मागे घेतला की झाले.

०.२ मि.मी. मोजायचे कसे? झेरॉक्सच्या कागदाचा ५०० पानांचा गठ्ठा साधारण ५ सेंटिमीटर जाड असतो. म्हणजे एक कागद ०.१ मि.मी. हा भागाकार मुलांना करायला द्यावा. गुळगुळीत ठोकळ्यावर पात्याची धार हलकेच उभी टेकवायची आणि पट्टीच्या टोकाखाली कागद सरकवून किती मावतात ते पाहायचे.

तयार झालेला रंधा पुन्हा त्या सागवानावर चालवला, मुद्दाम उलट्या बाजूने. पहिल्या दोन खेपांना काहीच निघाले नाही, कारण पाते आतच होते. चाक फिरवत गेलो तशी एक पातळ, सरळ फीत वर आली. खड्डे पडले नाहीत. मुलांना वळ्या न दिसल्याने थोडी निराशा झाली.

मिस्त्रींना आम्ही जपानी चित्रफीत दाखवली. दोनदा पाहिली त्यांनी. मग म्हणाले, "म्हणजे साल पुढं दाबते होय. आम्हाला वाटायचं मोडते नुसती." त्यांच्या बाभळीच्या रंध्याची पट्टी किती अंतरावर आहे ते कागद लावून पाहू का, असे विचारले तेव्हा त्यांनी हसून पाते काढून दिले. एक कागद सहज गेला. दोन जात नव्हते.

आमचा दुसरा नवा रंधा अजून खोक्यातच आहे. तो नववीच्या मुलांनी दिवाळीच्या सुट्टीनंतर तयार करायचा ठरले आहे. काच आणि पॉलिशपेपर आणून ठेवला आहे.